सगळी अंडी तरंगली

"या वर्षी एक जरी अंडं नासकं निघालं, तर कोंबड्या विकायच्या," असं बाबांनी जाहीर केलं, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. कोंबड्या आत्याच्या होत्या. बाबांची ही थोरली बहीण लग्न न करता आमच्याच घरी राहिलेली. घर आईचं, वाडी बाबांची, आणि या सगळ्यात आत्याचं म्हणावं असं काय, तर नऊ कोंबड्या आणि त्यांची अंडी. त्या विकायच्या म्हणजे काय, हे अकरा वर्षांच्या मलासुद्धा कळत होतं. आत्या मात्र भात कालवत म्हणाली, "बरं."

मला संताप आला. मी तेव्हा फार पटकन संतापत असे. अजूनही संतापते, पण आता लोक त्याला रक्तदाब म्हणतात.

बाबांना एवढं चिडायला कारण होतं आदल्या ईस्टरचं. केकसाठी तीस अंडी फोडून झाल्यावर एकतिसावं अंडं पातेल्यात पडलं आणि असा वास सुटला की आई नाकाला पदर लावून थेट विहिरीपाशी जाऊन उभी राहिली. तीस अंडी, साखर, लोणी, सगळं केळीच्या बुंध्याशी गेलं. सणाच्या दिवशी पाहुण्यांपुढे पाव आणि केळी ठेवली. ते अंडं आत्याने उन्हात धरून "चांगलं आहे" म्हणून पास केलं होतं. खरं तर आईने प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून मग पातेल्यात ओतायला हवं होतं, आमच्या गिरीज गावातल्या सगळ्या बायका तसंच करतात. पण तो मुद्दा कुणी काढला नाही. मी काढला, तेव्हा मला पाणी भरायला पाठवलं.

हे सगळं सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं. घरात आम्ही आमच्या वाडीतली बोली बोलत असू. ती लिहायला गेले तर तुम्ही अर्ध्यात पुस्तक मिटाल, म्हणून घरच्यांची बोलणी मी सरळ मराठीत लिहिते आहे.

आमच्याकडे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडं खायचं नाही, अशी जुनी रीत होती. चर्चने तसं सांगणं केव्हाच सोडलं होतं, पण आत्याने पाळणं सोडलं नव्हतं, आणि आत्या पाळते म्हणून सगळं घर पाळत होतं. गंमत अशी की कोंबड्यांना हे कुणी कळवलेलं नसतं. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा अंडी घालण्याचा खरा मोसम. माणसं खात नाहीत आणि कोंबड्या थांबत नाहीत, त्यामुळे घरात अंडीच अंडी!

एवढी अंडी उन्हाळ्याच्या तोंडाशी टिकवायची कशी, यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी ती घरातला एकुलता एक कोंबडा कापायला लावी आणि आम्ही तो मिटक्या मारत खात असू. त्यामागे हिशोब होता. कोंबडा नसला की थोड्या दिवसांत अंड्यांत जीव धरत नाही, आणि जीव न धरलेलं अंडं उकाड्यातही जास्त टिकतं. पहिल्या तीनेक आठवड्यांची अंडी पाचूबंदरहून मासळी घेऊन येणाऱ्या कोळीण मावशीला द्यायची आणि बदल्यात सुके बोंबील घ्यायचे. शेवटच्या तीन आठवड्यांची अंडी तेवढी केकसाठी ठेवायची. "तीन आठवड्यांवर आमच्या हवेत अंड्याचा भरवसा नाही," असं ती सांगे. अंडं कधी धुवायचं नाही, धुतलं की लवकर नासतं. कोरड्या फडक्याने पुसायचं आणि मोरीपासून लांब, गार कोपऱ्यात, भाताच्या तुसात निमुळतं टोक खाली करून ठेवायचं. पहिल्या आठवड्याच्या अंड्यावर कोळशाची एक रेघ, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. त्या रेघा ओढायचं काम माझं. आणि टोपलीत ठेवण्याआधी ती प्रत्येक अंडं अंगणात नेऊन, हाताची नळी करून, आतलं दिसावं म्हणून उन्हाकडे धरून बघायची.

त्या वर्षी एका संध्याकाळी ती अशीच अंडं धरून उभी होती. मी कोळसा घेऊन शेजारी. सूर्य चिंचेच्या मागे जाऊन चांगला वेळ झाला होता. अंगणात नुसती सावली. आत्याने अंडं पश्चिमेकडे धरलं, निरखून पाहिलं, आणि म्हणाली, "चांगलं आहे."

मी म्हटलं, "आत्या, ऊन कुठे आहे?"

तिचा हात वरच राहिला. मग तिने अंडं खाली घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "रेघ ओढ," म्हणाली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "आईला सांगू नकोस."

मोतीबिंदू हा शब्द तोवर आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. पण आत्याला नीट दिसत नाही आणि ती ते लपवते आहे, एवढं मला त्या क्षणी लख्ख कळलं.  तिला दिसत नाही, म्हणजे नासकं अंडं यंदाही निसटणार, म्हणजे कोंबड्या जाणार. मी कुणालाही काही सांगितलं नाही. पण त्या रात्री अंथरुणात तळमळत पडले, आणि मी तळमळणाऱ्यांतली मुलगी नव्हते, पडल्या पडल्या झोपणारी होते.

आणि मग, देव माझ्याच बाजूने आहे असं वाटावं, अशी गोष्ट शाळेत घडली. विज्ञानाच्या बाईंनी काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, त्यात एक अंडं सोडलं. ते तळाशी जाऊन आडवं पडलं. दुसरं सोडलं, ते तळाशीच पण उभं राहिलं. तिसरं सोडलं, ते वर आलं आणि तरंगायला लागलं. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, बाई म्हणाल्या, दिवस जातात तसं आतलं पाणी उडून जातं आणि हवेची जागा वाढते. ताजं अंडं बुडतं, शिळं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. मी बाकावर उभीच राहिले! बाईंनी दोनदा "खाली बस" म्हटलं. शाळा सुटल्यावर दप्तर छातीशी धरून मी घरापर्यंत पळत आले.

डोळे नकोत, ऊन नको! पाण्यात सोडायचं, बस्स! आत्याच्या कोंबड्या वाचल्या होत्या, फक्त ते मला एकटीलाच माहीत होतं.

आत्याला मी सांगितलं. ती म्हणाली, "मला पाण्याची गरज नाही." मी म्हटलं, "आईला आहे." ती टोपलीतलं तूस सारखं करत राहिली, आणि ती मान्यता आहे असं मी ठरवून टाकलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, केक करायचा. पाववाल्याची भट्टी दुपारी तीनला रिकामी होई आणि मग गावभरचे केकचे डबे तिथे भाजायला जात. नंबर चुकला की चुकला. बाबा पहाटे वाडीत काहीतरी खुडबूड करून चर्चमध्ये बाकं लावायला गेले होते. आईने साखर आणि लोणी फेटायला घेतलं होतं. आत्या टोपली घेऊन अंगणात आली, एकसष्ट अंडी, आणि एकेक उचलणार एवढ्यात मी पुढे झाले.

"आई, बाहेर ये! सगळ्यांनी बघायचं!"

आई हात पुसत आली. मी बाईंच्या आवाजात सगळं समजावून सांगितलं. छिद्रं, हवा, ताजं, शिळं. आईला ते पटलं असावं, कारण ती चक्क म्हणाली, "हुशार आहेस." मला आभाळ ठेंगणं झालं. एवढी अंडी एकदम दिसायला मोठं भांडं हवं. विहिरीजवळ बाबांचं अर्धं कापलेलं लाकडी पिंप होतं, काठोकाठ भरलेलं. पाणी जरा गढूळ होतं, पण मी तेव्हा कशाला बघते! मी पहिलं अंडं अलगद आत सोडलं.

ते तरंगलं.

मी हसले. म्हटलं, हे एक रेघवालं आहे, जुनं, काढून टाकू. दुसरं सोडलं, दोन रेघांचं. तेही तरंगलं. तिसरं मी मुद्दाम तीन रेघांचं घेतलं, शुक्रवारी सकाळचं, कोंबडीखालून मी स्वतः काढलेलं. ते किंचित खाली गेलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि डुलत डुलत वर आलं. मग मी भराभर सोडत सुटले, वीस, तीस, चाळीस, एक तरी बुडेल म्हणून. एकही बुडेना. आत्याची तीन आठवड्यांची मेहनत पिंपभर पांढरी होऊन माझ्याकडे बघत होती.

मी आईकडे पाहिलं. आई आत्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिला वाईट वाटलं होतं.

"वन्सं," ती हळू म्हणाली, "असू द्या. मी बाजारातून मागवते." आणि आत गेली.

 आत्याने पदरात तांदळाच्या कण्या घेतल्या, "बा, बा, बा" करत कोंबड्यांना हाक मारली. त्या धावत आल्या. ती खाली बसली आणि एकेकीला पकडून सोपटाच्या दोरीने पाय बांधायला लागली. केळीच्या त्या दोऱ्या तिने स्वतः वळलेल्या. कुणी विकायला न्यायच्या आत आपणच बांधून ठेवायच्या, असा तिचा बाणा होता. कोंबड्यांना वाटलं, लाड चाललेत, त्या गप्प बसून राहिल्या. मी रडायला लागले. "आत्या, नको ना गं, आत्या!" ती म्हणाली, "तुझं काय चुकलं? पाणी खोटं बोलत नाही."

पाच कोंबड्या बांधून झाल्या आणि बांधाकडून आरोळी आली. पाचूबंदरची मावशी डोक्यावर टोपली घेऊन येत होती. तिने अंगणाकडे एकदा पाहिलं, टोपली उतरवली आणि कमरेवर हात ठेवले.

"काय झाला गो बाय? कोंबऱ्या कश्याला बांदल्यास?"

"तूच घेऊन जा यांना," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे नीट राहतील." मग मीच हुंदके देत सगळं सांगितलं. मावशी ऐकत ऐकत पिंपापाशी गेली, मासळीचे हात धुवायला तिने ते कोपरापर्यंत आत घातले, आणि एकदम किंचाळून बाहेर काढले. सकाळीच कोयत्याने तिचं बोट कापलं होतं. तिने बोटाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं आणि बोट तोंडात घातलं.

"अगो पोरी!" ती ओरडली. "ह्या पान्यान तं मीठ हाय! मिठागराचा पानी हाय ह्या!"

मी जीभ लावली. जीभ भाजल्यासारखी झाली.

"आमी मासली खारवताव ना," मावशी सांगू लागली, आणि तिला हसू आवरेना, "तवा पान्यान अंडा टाकून बगताव. अंडा वर आला का समजाचा, मीठ बस झाला. ताजा अंडा पन वर येते गो! मेल्या पोरी, तू अंडी नाय तपासलीस, तू मीठ तपासलास!"

बाबा! पहाटेची ती खुडबूड! माडाच्या बुंध्याशी मीठ घालायची आमच्या वाड्यांची पद्धतच आहे. दर वर्षी बाबा खडे मीठ तसंच पसरत. या वर्षी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की विरघळवून घातलं की मुळांना लवकर लागतं. त्यांनी मिठागरातलं पाटीभर मीठ पिंपात विरघळत घातलं होतं आणि कुणालाही न सांगता बाकं लावायला गेले होते.

"आई!" मी अशी ओरडले की बांधलेल्या कोंबड्याही फडफडल्या. "आई, मीठ! मीठ!"

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी रहाट फिरवून विहिरीचं गोडं पाणी काढलं, आईने मोठं पातेलं आणलं, मावशीने मासळी विकायची सोडून पातेल्याशी बैठक मारली. मी पहिलं अंडं सोडायला घेतलं, तेवढ्यात आत्या उठली. पदर झटकून म्हणाली, "थांब. आधी माझ्या हातात दे. मी सांगते, मग पाण्यात टाक."

तिने अंडं उन्हाकडे नेलं नाही. डोळे मिटले आणि ते कानाशी धरून किंचित हलवलं. नखाने टिचकी मारली. "आडवं पडेल."

मी सोडलं. आडवं पडलं!

"हे उभं राहील." उभं राहिलं!

"आडवं. आडवं. हेही आडवं. हे उभं, पण आजच्या आज चालेल." मावशी मांडीवर थाप मारत होती, मी प्रत्येक अंड्याला उड्या मारत होते, आणि आई, जी सणाच्या घाईत कुणाला श्वास घेऊ देत नसे, ती पातेल्यावर वाकून, तोंड उघडं ठेवून बघत होती. एका एक-रेघवाल्या अंड्याला आत्या म्हणाली, "हे आत डुचमळतंय, वर येईल." ते वर आलं. तसं आणखी एक आलं. दोन्ही बाजूला काढली.

पन्नासाव्याच्या आसपास एक अंडं तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरलं. बोटांनी फिरवलं, दोनदा टिचकी मारली. "हे नासकं आहे."

मी पाण्यात सोडलं. ते सरळ तळाशी गेलं आणि छान आडवं पडलं.

  आत्या चुकली होती, आणि या वेळी पाणी गोडं होतं.

"चांगलं दिसतंय, वन्सं," आई सावकाश म्हणाली.

"वाटीत फोड," आत्या म्हणाली. "पातेल्यात नको. वाटीत."

आईने वाटी आणली. काठावर अंडं आपटलं, आणि मावशीने देवाचं नाव घेऊन टोपली उचलून चार हात लांब नेली. काय तो वास! आईने ती वाटी हात लांब करून थेट केळीत भिरकावली. ती पितळी वाटी आम्हाला पावसाळ्यात सापडली. आत्या शांतपणे म्हणाली, "केसाएवढी चीर आहे त्याला. चिरेतून घाण आत गेली की हवा वाढायच्या आधीच आतलं नासतं. ते पाण्याला काय कळणार? टिचकीला कळतं. आवाज बद्द येतो." मी तिला मिठीच मारली. कमरेला धरून गोल गोल फिरवली, ती "सोड, अंडी फुटतील" म्हणत राहिली.

एकसष्टमधली तीन गेली. उरलेली आईने एकेक करून दुसऱ्या वाटीत फोडली, आणि एकही वाईट निघालं नाही. कोंबड्यांचे पाय मी सोडले. भट्टीवर आमचा नंबर जेमतेम लागला. डबे नेताना मी इतकी जोरात चालत होते की आईने दोनदा माझी वेणी मागे खेचली.

संध्याकाळी बाबा आले, तेव्हा केकचा वास ओसरीपर्यंत येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. ते पिंपाकडे बघत कान खाजवत म्हणाले, "सांगायचं राहिलं." मग आत्याकडे वळून, जरा खाकरून, "तीन निघाली म्हणे नासकी."

"निघाली," आई आतून म्हणाली. "वन्संनीच काढली. तुम्ही एक म्हटलं होतं, त्यांनी तीन काढून दाखवली. कोंबड्या राहतील."

बाबा बादली घेऊन पिंपातलं पाणी माडांना घालायला गेले.

ईस्टरचे पाहुणे गेले. मंगळवारी सकाळी आत्या दोन नवी अंडी घेऊन नेहमीसारखी अंगणात निघाली, हाताची नळी करून. मी कोळसा घेऊन मागे. आई विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वन्सं, उद्यापासून उन्हात उभ्या राहू नका. डोक्याला लागतं. इथे सावलीत बसून ऐका."

आत्या जागच्या जागी थांबली.  मी तर आईला काहीच सांगितलं नव्हतं.

आई नारळ खवतच राहिली. आत्या हळूहळू ओसरीकडे वळली, हाताने खांब चाचपला, आणि आईच्या शेजारी बसली. मग तिने अंडं कानाशी धरलं, आणि आईने विळी थांबवली, तिला नीट ऐकू यावं म्हणून.